पुरुषभर उंचीचं धनुष्य

क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या फ्रान्सविरुद्धच्या लढाया इंग्लंडच्या लाँगबोने, म्हणजे लांब धनुष्याने, गाजवल्या, पण त्यांतलं म्हणून ओळखता येईल असं एकही धनुष्य उरलेलं नाही. लाकूडच ते, कुजून गेलं. मागे राहिल्या त्या कायद्यांतल्या ओळी. आयर्लंडमधल्या १४६५च्या इंग्रजी कायद्यात म्हटलं आहे की धनुष्य ज्याच्या त्याच्या उंचीएवढं आणि वर एक मूठ, निदान इतकं तरी असावं.

नेमकं माप हाती आलं ते समुद्रातून. आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाली. १९८२मध्ये तिचा सांगाडा वर काढला गेला. त्या उत्खननात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. सगळ्यात आखूड धनुष्य १.८७ मीटर, सगळ्यात लांब २.११ मीटर. सरासरी १.९८, म्हणजे साडेसहा फूट! एवढं लांब कशासाठी? एकाच लाकडाचं धनुष्य कानापर्यंत ओढलं की आखूड कांब फार वाकते आणि तडकते. लांब कांबीवर तोच ताण पसरतो. त्यात ही धनुष्यं चांगली जाड. ती ओढायला साधारण ४५ ते ८० किलोचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे.

मात्र लांब धनुष्य लढाईसाठी जन्मलं, हा समज मला पटत नाही. १९९१मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या शवाजवळ यू वृक्षाच्या लाकडाचं १.८२ मीटरचं अर्धवट तासलेलं धनुष्य होतं. तो स्वतः जेमतेम १.६० मीटर उंच. डेन्मार्कच्या होल्मेगार्ड दलदलीतली एल्म वृक्षाच्या लाकडाची शिकारी धनुष्यं त्याहून हजारो वर्षं जुनी, पण दीड मीटरच्या आसपासची. शिकाऱ्याला झाडीतून वावरायचं असतं आणि जवळूनच बाण सोडायचा असतो. चिलखताशी त्याची गाठ नसते. त्यामुळे लांब असो वा आखूड, त्याला ओढायला हलकं धनुष्य पुरतं. लढाईने वाढवला तो मुख्यतः जोर.

आपल्याकडेही हे माप अंगावरूनच आलेलं दिसतं. चार हातांचं एक धनुष्य, म्हणजे सुमारे सहा फूट, हे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अंतर मोजण्याचं एकक आहे. अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस याच्या वर्णनानुसार भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीएवढं असे. ते जमिनीवर टेकवून, डावा पाय लावून ओढत.

इंग्लंडची अडचण पुढे लाकडाचीच झाली. दोन मीटर सरळ, गाठी नसलेलं यू देशात पुरेना. १४७२च्या कायद्याने व्यापारी जहाजांना बंधन घातलं: दर टन मालामागे धनुष्याच्या चार कांबी आणायच्या.