होल-होम डीव्हीआर

होल-होम डीव्हीआर म्हणजे उपग्रह दूरचित्रवाणीच्या एका डिजिटल रेकॉर्डरवर (डीव्हीआरवर) साठवलेले कार्यक्रम घरातल्या कुठल्याही टीव्हीवर पाहता यावेत म्हणून तिथले सगळे सेट-टॉप बॉक्स एकमेकांना जोडण्याची व्यवस्था. हॉलमधल्या बॉक्सवर रेकॉर्ड झालेला सामना बेडरूममध्ये लावता येतो, मध्येच थांबवून दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढे चालू करता येतो, आणि कोणत्या बॉक्समध्ये काय साठवले आहे हे घरच्यांना लक्षात ठेवावे लागत नाही, कारण सगळ्या खोल्यांत यादी एकच दिसते. अमेरिकेत डायरेक्टीव्ही व डिश नेटवर्क या कंपन्यांनी आणि ब्रिटनमध्ये स्कायने २०१० ते २०१६ या काळात ही सोय घरोघरी पोचवली.

एका हार्ड डिस्कवरची फाइल दुसऱ्या खोलीत पोचवणे हे काम संगणकाच्या जगात तेव्हाही जुनेच होते. टीव्हीच्या बाबतीत गाडी अडली ती दोन ठिकाणी. छतावरच्या डिशपासून निघालेल्या केबलमध्ये मोकळी जागा कुठे आहे, हा पहिला प्रश्न. रेकॉर्डिंगवरच्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हा दुसरा, आणि तोच जास्त चिवट ठरला.

उपग्रहावरून येणारे चित्र मुळातच डिजिटल आणि संकोचित असते. डीव्हीआर ते नव्याने एन्कोड करत नाही. १८८ बाइटच्या पॅकेटांचा जो प्रवाह येतो, त्यातला आपल्या वाहिनीचा भाग वेगळा काढून तो जसाच्या तसा डिस्कवर लिहितो. म्हणूनच डीव्हीआरच्या रेकॉर्डिंगचा दर्जा थेट प्रक्षेपणाइतकाच असतो, आणि म्हणूनच ते नेटवर्कवरून पाठवणेही सोपे असते. साध्या दर्जाच्या वाहिनीला सेकंदाला साधारण ४ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १.८ जीबी, एचडीला ८ ते १० मेगाबिट धरले तर तासाला ३.६ ते ४.५ जीबी. १०० मेगाबिटच्या साध्या इथरनेटवर असे अनेक प्रवाह सहज मावतात. त्या काळच्या वाय-फायवर मात्र भिंतीपलीकडे एचडीचा एक प्रवाहही अडखळत असे. कंपन्यांनी वायरलेसचा नाद बराच काळ टाळला, त्याचे कारण हे.

नेटवर्क येण्याआधीचे उपाय

ब्रिटनमध्ये स्कायच्या बॉक्सला मागे आरएफ-२ नावाचे एक तोंड असे. त्यातून चित्र साध्या टीव्ही चॅनेलच्या रूपात दुसऱ्या खोलीत नेले जाई. त्या खोलीतल्या टीव्हीजवळ ‘मॅजिक आय’ म्हणून ओळखला जाणारा अंगठ्याएवढा इन्फ्रारेड डोळा चिकटवलेला असे. रिमोटचे बटण दाबले की डोळा तो संकेत त्याच केबलवरून उलट दिशेने बॉक्सकडे पाठवी. डोळ्याला लागणारी ९ व्होल्टची वीजही बॉक्स त्याच तारेतून पुरवी. व्यवस्था स्वस्त आणि भरवशाची होती, पण दोन्ही खोल्यांत एकच चित्र दिसे. वरच्या मजल्यावर कोणी चॅनेल बदलले की खालीही बदलले. डिश नेटवर्कच्या व्हीआयपी-७२२ सारख्या रेकॉर्डरने ही अडचण अर्धी सोडवली. त्याला दोन टीव्हींसाठी दोन स्वतंत्र आउटपुट होते आणि दुसऱ्या खोलीचा रिमोट भिंतीआरपार जाणाऱ्या रेडिओ लहरींवर चाले. तिसऱ्या खोलीला मात्र काहीच मिळत नव्हते.

खऱ्या अर्थाने नेटवर्कवर चालणारा पहिला ठळक रेकॉर्डर उपग्रह कंपन्यांच्या बाहेरून आला. रीप्लेटीव्हीच्या २००१ च्या ४००० मालिकेत इथरनेटचे तोंड होते, एका यंत्रावरचे रेकॉर्डिंग दुसऱ्यावर पाहता येई आणि इंटरनेटवरून मित्राच्या यंत्रावर पाठवताही येई. याच शेवटच्या सोयीमुळे, आणि जाहिराती आपोआप गाळण्यामुळे, टीव्ही नेटवर्क आणि चित्रपट स्टुडिओंनी त्याच वर्षी उत्पादक सोनिकब्लू कंपनीला न्यायालयात खेचले. २००३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या मॉडेलमधून या दोन्ही सोयी काढून टाकल्या गेल्या. उपग्रह कंपन्यांनी नंतर जी सावधगिरी बाळगली, तिच्या मुळाशी या खटल्याची आठवण होती असे मानायला जागा आहे.

टिवो या दुसऱ्या रेकॉर्डर कंपनीने २००३ मध्ये आपल्या दुसऱ्या मालिकेच्या यंत्रांना ‘होम मीडिया ऑप्शन’ दिले. त्यात एका खोलीतले रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीतल्या टिवोवर घेता येई. डायरेक्टीव्हीसाठी बनलेल्या टिवो यंत्रांत जवळपास तेच हार्डवेअर होते, यूएसबीची खाच होती, पण नेटवर्कच्या सोयी बंद ठेवलेल्या होत्या. ज्यांना त्या हव्या होत्या ते बॉक्स उघडून हार्ड डिस्क काढत, संगणकाला जोडत आणि त्यातली लिनक्स प्रणाली स्वतः बदलून नेटवर्क सुरू करत. काही वर्षे अमेरिकेतल्या कितीतरी घरांत खोल्या-खोल्यांतली देवाणघेवाण अशीच, कंपनीच्या परवानगीशिवाय चालू होती. ग्राहकाला काय हवे आहे याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कंपनीला मिळाला नसता. तरीही डायरेक्टीव्हीने ती सोय स्वतः द्यायला २०१० साल उजाडावे लागले.

केबलमधली जागा

डायरेक्टीव्हीने २०१० मध्ये होल-होम डीव्हीआर सेवा अधिकृतपणे सुरू केली, तेव्हा तिने घरात नवी इथरनेट वायर टाकायला सांगितले नाही. प्रत्येक टीव्हीपर्यंत डिशची कोॲक्सियल केबल आधीच गेलेली होती. तिच्यातूनच नेटवर्क न्यायचे ठरले. हे कसे जमले ते समजण्यासाठी त्या केबलमध्ये काय काय धावते ते पाहावे लागते.

डिशवरचा एलएनबी उपग्रहाचा संकेत खालच्या वारंवारतेवर आणून केबलमध्ये सोडतो, साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात. त्याखालची जागा रिकामी असेल तर तिथे दुसरे काही चालवता येते. डायरेक्टीव्हीच्या जुन्या एचडी व्यवस्थेत ती रिकामी नव्हती. का-बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातल्या उपग्रहांचा एक हिस्सा २५० ते ७५० मेगाहर्ट्झवरून खाली येत असे. शिवाय प्रत्येक ट्यूनरला, म्हणजे बॉक्समधल्या वाहिनी पकडणाऱ्या भागाला, डिशकडून आलेली स्वतंत्र तार लागे, त्यामुळे दोन ट्यूनरच्या रेकॉर्डरला दोन केबली.

यातून वाट काढली ती एसडब्ल्यूएम या एकतारी मल्टिस्विचने. तो प्रत्येक ट्यूनरला केबलमधला स्वतःचा एक पट्टा नेमून देतो. ट्यूनर एका छोट्या नियंत्रण वाहिनीवरून ‘मला अमुक ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा, अनेक वाहिन्या एकत्र पाठवणारा मार्ग) हवा’ असे कळवतो आणि मल्टिस्विच तेवढाच ट्रान्सपाँडर उचलून त्याच्या पट्ट्यात आणून ठेवतो. एकाच तारेवर आठ ट्यूनर चालू लागले आणि खालची सगळी जागा मोकळी झाली. त्या जागेत, ४७५ ते ६२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, कंपनीने डेका नावाचे नेटवर्क बसवले. डेका म्हणजे कोॲक्स केबलवर इथरनेट चालवणाऱ्या मोका तंत्रज्ञानाचीच आवृत्ती, फक्त उपग्रहाच्या संकेताला धक्का लागू नये म्हणून खाली सरकवलेली. एचआर-२४ पासूनच्या रेकॉर्डरमध्ये ते आतच होते. जुन्या बॉक्सला मागे एक लहानसा पांढरा अडॅप्टर लावावा लागे. तंत्रज्ञ घरी आला की जुने स्प्लिटर काढून हिरव्या लेबलाचे बसवी, कारण जुन्यांमधून हा खालचा पट्टा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नीट जात नसे.

आपले स्वतःचे इथरनेट वापरूनही हे सगळे चालत असे आणि जाणकार ग्राहक तसे करत. पण राउटरच्या गडबडीची तक्रार आपल्याकडे येऊ नये म्हणून कंपनीने स्वतंत्र, बंदिस्त नेटवर्क पसंत केले. हा निर्णय योग्यच होता. सेवा देणाऱ्याला ज्या तारेची खात्री देता येते, तिच्यावरच त्याने सेवा द्यावी.

या पहिल्या पिढीत सगळे बॉक्स बरोबरीचे होते. प्रत्येक खोलीत पूर्ण रिसीव्हर, त्याला स्वतःचा ट्यूनर. फक्त रेकॉर्डिंग एकमेकांचे. दुसऱ्या पिढीत बाकीच्या खोल्यांतले ट्यूनरच काढून टाकले. डिश नेटवर्कने जानेवारी २०१२ मध्ये हॉपर आणि जोई जाहीर केले, त्याच वर्षी डायरेक्टीव्हीचा जिनी आला. मुख्य बॉक्समध्ये सगळे ट्यूनर आणि डिस्क, बाकी खोल्यांत हाताच्या पंजाएवढे क्लायंट, म्हणजे मुख्य बॉक्सवर अवलंबून असलेले छोटे बॉक्स. जिनीत पाच ट्यूनर आणि १ टेराबाइटची डिस्क होती. तो आरव्हीयू या पद्धतीवर चाले: पडद्यावरचा मेनूसुद्धा मुख्य बॉक्स तयार करून पाठवतो, क्लायंट तो नुसता दाखवतो. सॅमसंगच्या काही टीव्हींमध्ये आरव्हीयू आतच असल्याने त्यांना क्लायंटही लागत नसे. हॉपरमध्ये तीनच ट्यूनर होते, पण एक सुंदर युक्ती होती. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार मोठ्या वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर ठेवल्यामुळे एकच ट्यूनर चारही वाहिन्यांचे रोजचे संध्याकाळचे कार्यक्रम एकदम साठवू शके.

स्कायने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणलेल्या स्काय क्यूने केबलचा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला. युरोपातला नेहमीचा एलएनबी उपग्रहाचा पट्टा चार भागांत विभागून देतो. कोणता भाग हवा हे बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झच्या सुराने सांगतो, आणि एका वेळी तारेवर एकच भाग येतो. स्काय क्यूचा वाइडबँड एलएनबी ही निवडच करत नाही. एका केबलवर आडव्या ध्रुवणाचा संपूर्ण पट्टा, दुसरीवर उभ्याचा, साधारण २९० ते २३४० मेगाहर्ट्झ. दोन तारांत सगळा उपग्रह घरात येतो आणि त्यातून मोठ्या बॉक्सचे १२ ट्यूनर हवे ते उचलतात. मिनी बॉक्सपर्यंतचे नेटवर्क स्कायने वाय-फायच्या जाळ्यावर सोपवले, कारण तोवर वाय-फाय त्या लायकीचे झाले होते.

कुलूप

सशुल्क वाहिन्यांचे रेकॉर्डिंग डिस्कवर उघडे पडलेले नसते. ते त्या बॉक्सच्या किल्लीने बंद केलेले असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तर हाती निरर्थक आकडे लागतात. दुसऱ्या खोलीत कार्यक्रम पाठवायचा म्हणजे मुख्य बॉक्सने आपले कुलूप उघडायचे, वाटेसाठी नवे लावायचे आणि क्लायंटने ते उघडायचे. आरव्हीयूसह अनेक व्यवस्थांत या वाटेसाठी डीटीसीपी-आयपी हा करार वापरला जातो.

‘घर’ म्हणजे काय याची या करारातली व्याख्या फार कल्पक आहे. दोन यंत्रांमध्ये संदेश जाऊन परत यायला ७ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा पॅकेट तीनहून जास्त राउटर ओलांडून आले, तर किल्ली दिली जात नाही. भिंती, मजले, पत्ता यांतले यंत्राला काही कळत नाही. फक्त संदेशाला लागणारा वेळ कळतो. रीप्लेटीव्हीने ज्या मित्राला कार्यक्रम पाठवू दिला होता, तो मित्र या सात मिलिसेकंदांच्या कुंपणाबाहेर राहिला.

कुलूप नसेल तर काय होते हे युरोपातल्या हौशी मंडळींनी दाखवून दिले. जर्मनीचा ड्रीमबॉक्स लिनक्सवर चालतो. एका बॉक्सची डिस्क दुसऱ्यावर नेटवर्क फोल्डर म्हणून जोडली की काम झाले. व्हीडीआर आणि टीव्हीहेडएंड ही मुक्त सॉफ्टवेअरे साध्या संगणकाचा होल-होम रेकॉर्डर बनवतात. एसईएस या उपग्रह कंपनीने २०१२ मध्ये पुढे आणलेल्या सॅट-आयपी मानकात तर ट्यूनरच डिशजवळ राहतो आणि घरात फक्त इंटरनेट प्रोटोकॉलची पॅकेटे येतात. कंपन्यांनी वर्षानुवर्षे पैसे घेऊन जे दिले, ते इथे फुकट आणि जास्त मोकळेपणाने मिळते. अट एकच, वाहिनी सांकेतिक, म्हणजे कुलूपबंद, नसावी.

भारतातली स्थिती

भारतात टाटा स्कायने २००८ मध्ये टाटा स्काय प्लस हा दोन ट्यूनरचा रेकॉर्डर आणला. त्याला छत्रीपासून दोन केबली ओढाव्या लागत. पुढे इतर कंपन्यांनीही रेकॉर्डर काढले आणि बहुतेकांनी साध्या बॉक्सच्या यूएसबी खाचेत बाहेरची डिस्क लावून रेकॉर्ड करण्याची सोय दिली. ती डिस्क दुसऱ्या खोलीतल्या बॉक्सला लावली तर चालत नाही. कुलूप बॉक्सशी बांधलेले असते, ग्राहकाशी नाही. टाटा स्कायच्या ‘ट्रान्सफर’ बॉक्सवरून रेकॉर्डिंग वाय-फायने मोबाइलवर घेता येई. एका घराच्या दोन टीव्हींमध्ये मात्र तसा पूल बांधला गेला नाही.

याची कारणे सरळ आहेत. घरात दुसरा टीव्ही असणारी कुटुंबे कमी, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी त्याच छत्रीवर दुसरे मल्टी-टीव्ही कनेक्शन हा स्वस्त मार्ग. २०२० मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने दुसऱ्या व पुढच्या टीव्हीसाठीचे नेटवर्क शुल्क मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितल्यावर तो आणखी स्वस्त झाला. मालिकांचे भाग रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवले जातात, आणि २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर चुकलेला भाग फोनवर पाहणे सवयीचे झाले.

डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक एमपेग-२ (चित्र संकोचनाची जुनी पद्धत) वाहिन्या सांकेतिक नाहीत आणि त्यांत सह्याद्री वाहिनीही आहे. यूएसबीला लागणारा, उपग्रहाचा संकेत पकडणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, एक जुना संगणक आणि टीव्हीहेडएंड एवढ्यावर तिचे कार्यक्रम साठवून घरातल्या कुठल्याही टीव्हीवर वा फोनवर पाहता येतात. छत्री ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ कडे वळवलेली हवी, आणि संगणक राउटरला वाय-फायने नव्हे, तारेने जोडलेला बरा.