सैल तारेचा जडपणा

घरात मुलाची गिटार आहे. परवा तो नसताना ती मांडीवर घेतली, फोनवर ट्यूनरचं ॲप लावलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. आकडा आला ८२.४ हर्ट्झ. मग खुंटी हळूहळू उलटी पिळत गेलो. ७८, ७३, आणि ६९ वर थांबलो. मघाशी ताठ असलेली तार आता बोटाखाली सुतळीसारखी ढिली लागत होती. जोरात छेडली की मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खडखडायची. आवाज मात्र पोरगा वयात आल्यासारखा एकदम फुटला होता.

मुलगा परत आल्यावर बोलणी खाल्ली, ते सोडा. हा उद्योग सुचला तो एका जुन्या अल्बममुळे. ‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल नावाच्या दणदणीत रॉक प्रकाराचा पाया घालणाऱ्या बर्मिंगहॅमच्या बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह, ‘वी सोल्ड अवर सोल फॉर रॉक ’एन’ रोल’. दोन एलपींचा हा संच ब्रिटनमध्ये १९७५ च्या अखेरीस आला, अमेरिकेत १९७६ च्या सुरुवातीला. १९७० ते १९७५ या काळात बँडने सहा अल्बम काढले होते, त्यांतली निवडक गाणी यात आहेत. असल्या संग्रहांकडे बघून अस्सल चाहते नाक मुरडतात. पंगतीत बसून फक्त जिलेबी उचलल्यासारखं वाटतं त्यांना. मला हे संग्रह आवडतात, आणि त्याचं कारण संगीताइतकंच भौतिकशास्त्राचं आहे. तेच चौघे, तीच बोटं, पण पाच वर्षांतली ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी. मधल्या काळात काय बदललं ते कानाला आयतं पकडता येतं.

या संचाची तिसरी बाजू ऐका. ती सुरू होते १९७२ च्या गाण्याने, लगेच मागे १९७० चं एक येतं, आणि थोड्या वेळाने १९७१ ची दोन. पेटीच्या भाषेत सांगायचं तर १९७० च्या गाण्यात गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनला लावलेली आहे आणि बाकीच्या तिन्हींत काळी एकला. तीन अर्धस्वर खाली. आपल्याकडच्या कितीतरी पुरुष गायकांची हीच पट्टी, काळी एक. हेवी मेटलचा जन्म आपल्या ओळखीच्या पट्टीत झाला म्हणायला हरकत नाही!

तार खाली उतरवण्याची गोष्ट सुरू होते एका कारखान्यात. गिटारवादक टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, तर परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आईने बजावलं, काम पुरं करून ये. दुसरा एक कामगार आला नव्हता, म्हणून नेहमीचं सोडून त्याच्या यंत्रावर आयोमीला उभं केलं गेलं. त्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक घेतलं. आयोमी डावखुरा. म्हणजे छेडायचा हात शाबूत राहिला आणि गेली ती तारा दाबायची बोटं.

कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. या जॅझ वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मध्ये आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवत राहिला. आयोमीने मग भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्यातून बोटांसाठी टोपणं घडवली, पॉलिश पेपरने घासून बसती केली आणि तारेवर पकड यावी म्हणून त्यांवर चामड्याचा तुकडा चिकटवला. टोपणातून तारेचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे दाब किती द्यायचा याचा अंदाज येत नाही. ताठ तार ओढायची म्हणजे शिक्षाच. तेव्हा गिटारच्या पातळ तारा बाजारात सहज मिळत नसत, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावल्या. आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैलही केल्या. बँडमधल्या गीझर बटलरने आपली बास गिटारही तेवढीच खाली आणली.

किती सैल, ते काढता येतं. तारेची कंप्रता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं हा हर्ट्झमधला आकडा, तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सतराव्या शतकात मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने हा नियम मांडला. एक अर्धस्वर म्हणजे कंप्रतेत साधारण ६ टक्क्यांचा फरक, तीन उतरले की ८२.४ चे ६९.३ हर्ट्झ होतात. कंप्रतेतली घट १६ टक्के, पण ताण तिच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे उरतो ७१ टक्के. साध्या गिटारच्या जाड तारेवर आठेक किलो वजन टांगल्याएवढा ताण असतो. तो साडेपाच किलोंच्या आसपास येतो. जखमी बोटाला हा फरक केवढा असेल!

नेमकं बोलायचं तर ताण मूळच्या ‘एक भागिले वर्गमूळ दोन’ एवढा उरतो. हे वर्गमूळ दोन या बँडच्या नशिबात दोनदा लिहिलेलं आहे. संग्रहातलं पहिलं गाणं बँडच्याच नावाचं. त्यातला मुख्य तुकडा अवघ्या तीन स्वरांचा: सा, तार सा, आणि मग उतरून तीव्र मध्यमावर थरथर. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या कंप्रतांचं गुणोत्तर, पेटीसारख्या समान अंतराच्या स्वरांत मोजलं तर, वर्गमूळ दोन, १.४१४. सप्तकाचा बरोबर मधला बिंदू. युरोपात या अंतराला ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलं होतं. आपण यमनमध्ये हाच स्वर रोज ऐकतो आणि कुणाला सैतान दिसत नाही, कारण तिथे तो गंधार-पंचमाच्या सोबतीने येतो. इथे तो एकटा आहे, आधाराला पंचम नाही. मारव्यात पंचम नसल्यामुळे जी हुरहुर लागते, तिचा हा गिरणगावातला दांडगा भाऊ.

सैल तार खोल वाजणारच, पण ‘हेवी’ वाटायला तेवढं पुरत नाही. त्यातही गंमत अशी की फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली त्याचा दम संपतो. तरी फोनवर ऐकतानाही तो स्वर आपल्याला खोलच ऐकू येतो. कारण तार एकाच कंप्रतेने हलत नसते. ६९ च्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे हार्मोनिक्स तिच्यातून एकाच वेळी निघतात. स्पीकरमधून २०८, २७७, ३४६ एवढेच आले, तरी त्यांच्यामधलं अंतर ६९ आहे हे मेंदू हेरतो आणि गायब असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. कपाळ आणि डोळे दिसले तरी माणूस ओळखावा, तसं.

म्हणजे जडपणा हवा असेल तर हार्मोनिक्स भरपूर पाहिजेत. तंबोऱ्याला हे पूर्वीपासून माहीत आहे. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा किंचित गोलसर घासतो, तारेखाली दोरा सरकवतो आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडते. षड्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. हा गंधार म्हणजे पाचवा हार्मोनिक. तंबोऱ्याच्या या चमत्काराकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्येच लक्ष वेधलं होतं. तार ज्या जागी छेडली तिथे जे हार्मोनिक्स उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात दणक्यात वाजतात, असं त्यांना आढळलं.

आयोमीची जवारी विजेची होती. गिटारचा सिग्नल आधी एका छोट्या डबीतून वाढवायचा आणि व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्याला झेपेल त्याहून जास्त कोंबायचा. ॲम्प्लिफायरची एक कमाल मर्यादा असते. लाट तिच्यावर जायला लागली की माथा कापला जातो, गोल टेकडीचं पठार होतं. कापलेल्या लाटेच्या कडांतून नवे हार्मोनिक्स जन्माला येतात, शिवाय तारेचा जोर ओसरला तरी आवाज बराच वेळ पठारावरच राहतो, म्हणून स्वर लांबतो. एका वेळी दोन स्वर आत सोडले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात. सा आणि प घ्या: ८२ आणि १२३. वजाबाकी ४१, म्हणजे त्याच षड्जाचा आणखी एक सप्तक खालचा स्वर. बास गिटारची सगळ्यात जाड तार हाच स्वर देते. कुणी न वाजवलेला बासवाला फुकटात मिळतो! गंधार मिसळला तर मात्र या बेरजा-वजाबाक्या एकमेकींना घासतात आणि नुसता चिखल होतो. म्हणून मेटलमधले गिटारवाले गंधार टाळून सा-प धरतात, तंबोरा धरतो तसाच.

सैल तारेची अजून एक खोड. जोरात छेडली की ती ताणली जाते, क्षणभर स्वर चढतो आणि मग खाली बसतो. ताठ तारेत हा फरक कळतही नाही. ढिल्या तारेत मात्र प्रत्येक घावाला पाय चिखलात रुतल्यासारखा एक झोल येतो. आजचे मेटलवाले याहूनही खाली उतरतात, पण जाड तारा लावून ताण परत मिळवतात. त्यांचा आवाज नेटका असतो. मला जुना झोलच जास्त भावतो.

आता पुन्हा संग्रहाकडे, कारण माथा कापण्याची हीच करामत त्याला दुसऱ्या टोकाकडून गाठते. पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये एका दिवसात मुद्रित झाला. नंतरच्या अल्बमांना आठवडे लागले, स्टुडिओ बदलले, एक तर थेट लॉस एंजेलिसमध्ये झाला. ही गाणी एकामागे एक लावली तर कुठे आवाज दबलेला, कुठे अंगावर येणारा. ऐकणाऱ्याने दर गाण्याला उठून बटण फिरवायचं का? म्हणून मास्टरिंग करणारा तंत्रज्ञ सगळ्यांना एका पातळीवर आणतो.

एलपीच्या काळात त्याचे हात बांधलेले होते. मोठा आवाज, त्यातही खर्ज, म्हणजे खाचेची रुंद नागमोड. खाचा रुंद झाल्या की तबकडीवर मावतात कमी. एका बाजूला वीसेक मिनिटं आरामात बसतात, त्याहून जास्त कोंबायची तर आवाज उतरवावा लागतो. सीडी आली आणि ही अडचण संपली. सीडीवर आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीवर छत. छताखाली किती गर्दी करायची याला कायदा नाही. मग लिमिटर नावाचं साधन चढवायचं: लाटेची शिखरं दाबायची आणि उरलेलं सगळं वर ढकलायचं. नव्वदच्या दशकापासून नवे अल्बम आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्या अशाच फुगत गेल्या. २००८ मध्ये मेटॅलिका या मेटल बँडच्या अल्बमबाबत तर चाहत्यांच्या लक्षात आलं की सीडीपेक्षा व्हिडिओ गेममध्ये टाकलेली तीच गाणी जास्त मोकळी वाजतात.

फुगवतात का? कान फसतो म्हणून. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की बारीक आवाजात आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज चढवला की खर्ज इतरांपेक्षा भराभर वर येतो. त्यामुळे तेच गाणं थोडं मोठं लावलं की भरदार वाटतं. दुकानात दोन प्रती शेजारी वाजवल्या तर मोठी वाजणारीच ‘सुधारलेली’ ठरते. दोन्हींची पातळी सारखी करून ऐकली तर बहुतेकदा निकाल फिरतो. स्ट्रीमिंगवाले आता नेमकं हेच करतात: गाण्याची सरासरी तीव्रता मोजतात आणि फुगवलेल्याला खाली ओढतात. मग दाबलेली शिखरं परत येत नाहीत आणि मोठेपणाही जातो.

गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये माथा कापला तर स्वर जड होतो, मग अख्ख्या गाण्याचा कापला तर का नाही? गिटारवर कात्री चालते तेव्हा ती एकट्या गिटारवर चालते. पूर्ण मिश्रणावर चालवली की ऑझी ऑझ्बर्नचा आवाज, बिल वॉर्डचे ड्रम, बास सगळे एकाच पात्याखाली येतात. ड्रमचा घाव म्हणजे मुळातच एक उंच, अणकुचीदार शिखर. तेच बोथट होतं.

ते पहिलं गाणं सुरू होतं पावसाने. लांब कुठेतरी गडगडतं, चर्चची घंटा वाजते, अर्ध्या मिनिटाच्या आसपास एवढंच. मग सा, तार सा आणि तीव्र मध्यम. पाऊस जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज लावून मी बटणावर हात ठेवून बसतो. फार दाबलेल्या प्रतीत हात हलवावा लागत नाही, गिटार पावसाच्याच बरोबरीने येऊन उभी राहते. मोकळ्या प्रतीत मात्र पहिला घाव पडला रे पडला की आतल्या खोलीतून हाक येते, “अहो, बंद करा ते!”