शेजाऱ्याला उपाशी ठेवणारा जिवाणू

हरभरा पेरायच्या आधी गुळाच्या थंड पाण्यात जिवाणू संवर्धक कालवायचं, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं आणि बी सावलीत सुकवायचं, हे आता गावोगाव माहीत आहे. तरी दर हंगामात एक प्रश्न ठरलेला: "यात खत किती असतं?" खत नसतंच. रायझोबियम मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधतो, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे सगळेच जिवाणू पिकाला काहीतरी भरवतात असा समज झाला आहे. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या जिवाणूची तऱ्हा निराळी. तो पिकाच्या शत्रूंना उपाशी ठेवतो.

रोप अलगद उपटून झटकलं, तरी मुळांना मातीचा पातळ थर चिकटून राहतो. 1904 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी मुळांभोवतीच्या या मातीला 'रायझोस्फिअर' म्हटलं. मुळांतून साखर, आम्लं पाझरतात, म्हणून तिथे जिवाणू-बुरशींची झुंबड असते. खायला मुबलक, पण लोहाची चणचण. आपल्या काळ्या मातीत लोह कमी नाही. ती बेसाल्टपासूनच बनली आहे. मात्र चुनखडीच्या जमिनीत सामू (pH) 8 च्या आसपास असला की लोह गंजासारखं घट्ट बसतं, विरघळत नाही. सामू एका अंकाने चढला की पाण्यातले लोहाचे मोकळे विद्युतभारित कण, म्हणजे फेरिक आयन, हजारपटीने घटतात.

अशा वेळी स्यूडोमोनास पायोव्हर्डिन नावाचं द्रव्य बाहेर सोडतो. त्याचा रेणू फेरिक आयनाला चहूबाजूंनी कवटाळतो. लोहासकट आलेला हा रेणू आत घ्यायला जिवाणूच्या बाह्य आवरणात खास प्रथिनांचं दार असतं. ज्यांच्याकडे ते दार नाही, त्यांना ते लोह समोर असूनही मिळत नाही. मर रोगाची फ्युजॅरियम बुरशीही लोह पकडणारी द्रव्यं सोडते, पण त्यांची पकड सैल पडते. लोहाअभावी तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. हरभऱ्याची मुळं मात्र आम्ल सोडून आणि फेरिकचं सहज विरघळणारं फेरस करून आपलं लोह मिळवू शकतात.

लोह कमी असलेल्या माध्यमावर हा जिवाणू वाढवून बशी अतिनील दिव्याखाली धरली, की वसाहतींभोवती हिरवट-पिवळा उजेड पसरतो. तो उजेड पायोव्हर्डिनचा.

1980 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले जोसेफ क्लोपर आणि सहकारी यांनी जिवाणूऐवजी असं शुद्ध द्रव्यच रोपांना दिलं. तरीही रोपं जोमाने वाढली. आधीच लोह जोडलेलं द्रव्य दिलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. इतका स्वच्छ पुरावा शेतीविज्ञानात क्वचितच दिसतो!

म्हणूनच 'एक बाटली, कोणतीही जमीन, दुप्पट उत्पन्न' असल्या जाहिरातींचा मला राग येतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत लोह तुलनेने सहज विरघळतं. तिथे फ्युजॅरियमची ही उपासमार होणार कशी?