मागचे स्पीकर मुके का राहतात?

नवा प्लेयर आणला, रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) जोडला, सुपर ऑडिओ सीडी (मागच्या स्पीकरांसाठीही वेगळा आवाज ठेवू शकणारी, सीडीच्या पुढची डिस्क) घातली आणि मागचे स्पीकर मुके! मग प्लेयरच सदोष म्हणून परत करायची तयारी सुरू होते. बिचाऱ्या प्लेयरचा यात बहुतेकदा काहीच दोष नसतो.

पहिला संशय ऑप्टिकल केबलवर घ्यावा. चित्रपटाचा डॉल्बी आवाज ती नीट वाहून नेते, कारण तो आधीच दाबून लहान केलेला असतो. न दाबलेल्या आवाजाच्या मात्र दोनच वाहिन्या (चॅनल), म्हणजे दोन स्पीकरांपुरताच आवाज, तिच्यातून जातो. शिवाय सुपर ऑडिओ सीडीचा डिजिटल प्रवाह नकलेच्या धास्तीने या वाटेने सोडतच नाहीत. म्हणून एकतर सहा ॲनालॉग केबल जोडायच्या, नाहीतर एचडीएमआय. एचडीएमआयमधूनही डीव्हीडी-ऑडिओचा (अशाच दुसऱ्या डिस्कचा) आवाज १.१ आवृत्तीपासून जातो, पण सुपर ऑडिओ सीडीचा मूळ प्रवाह जायला २००५ची १.२ आवृत्ती यावी लागली. दुसरी तपासणी मेनूत. मल्टिचॅनल डिस्कवर बहुधा स्टीरिओचा विभागही वेगळा असतो आणि हायब्रिड डिस्कवर साध्या सीडीचा थरही. प्लेयरने यातलं काय वाचायचं ते आपणच सांगायचं असतं.

मेनूतला पुढचा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा आहे. डीएसडी की पीसीएम, म्हणजे आवाज आकड्यांत लिहायच्या दोन पद्धतींपैकी कोणती?

साध्या सीडीवर आवाजाची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून दर वेळी १६ बिटांत लिहितात. हेच पीसीएम. सोनी आणि फिलिप्सने १९९९मध्ये आणलेल्या सुपर ऑडिओ सीडीवर दर वेळी एकच बिट असतो, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. हेच डीएसडी. नुसत्या शून्य आणि एकातून तानपुऱ्याची बारीक कंपनं कशी उमटणार? तर उधारी पुढे ओढत.

समजा, लिहायचा आकडा ०.६ आहे. तो अर्ध्याहून मोठा, म्हणून १ लिहिला. ०.४ जास्त दिले, ते पुढच्या वेळी वळते करायचे. ०.६ वजा ०.४ म्हणजे ०.२, म्हणून ० लिहिला, आता ०.२ देणं राहिलं. पुन्हा ०.६ आले, बेरीज ०.८, लिहिला १, जास्त गेले ०.२. मग ०.४, लिहिला ०, देणं ०.४. शेवटी बेरीज बरोबर १, लिहिला १, हिशेब चुकता. कागदावर उमटलं १, ०, १, ०, १. पाचात तीन एक, म्हणजे सरासरी ०.६! खऱ्या यंत्रात ही वजाबाकी अनेक पायऱ्यांची असते, पण तत्त्व हेच. चूक लगेच फेडली जात असल्यामुळे ती फार वेगाने वरखाली होते. म्हणजेच तिचा खरखराट २० किलोहर्ट्झच्या वर, आपल्या कानांच्या टप्प्याबाहेर ढकलला जातो.

आता हाच आवाज निम्मा करा. १चा ०.५ होतो आणि ०.५ लिहायला एका बिटात जागाच नाही. खर्जाचे सूर वेगळे काढून सबवूफरकडे (खर्जाच्या खास स्पीकरकडे) पाठवायचे, तर तिथेही असाच गुणाकार. म्हणून रिसीव्हर सहसा आधी पीसीएम करून घेतो आणि मगच हे हिशेब मांडतो. ‘डीएसडी डायरेक्ट’ निवडलं की बऱ्याच यंत्रांत सबवूफरची विभागणी आणि स्पीकरांच्या अंतराची दुरुस्ती दोन्ही गुपचूप बंद पडतात. स्पीकर लहान असतील तर खुशाल पीसीएम निवडावं. शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही, पण खर्ज हरवण्यापेक्षा बरं.

अंतराचं महत्त्वही कमी नाही. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि एकच आवाज दोन बाजूंनी आला तर जो आधी पोचतो त्याच्या दिशेवर आपला मेंदू विश्वास ठेवतो. मागचा स्पीकर मीटरभर जवळ असला की समोरचा गायक मागे ओढल्यासारखा वाटू शकतो. टेप घेऊन प्रत्येक स्पीकर ते बसणाऱ्याचं डोकं हे अंतर मोजा आणि मेनूत भरा. समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या थोडे मागे. पाठीमागच्या भिंतीला चिकटवायचे नाहीत.

डिस्कच्या कडेला हिरवं मार्कर फिरवल्याने आवाज ‘खुलतो’ असं सांगणारे अजून भेटतात. बिट शून्य असतो किंवा एक. मार्करने त्याला रंगत येत नाही. २८ लाखांसारख्या मोठ्या आकड्यांबद्दलही जरा सबुरी हवी. २००७मध्ये मेयर आणि मोरन या दोन अभ्यासकांनी अशा डिस्कचा स्टीरिओ आवाज मध्येच सीडीच्या १६ बिटांतून फिरवला आणि मूळ कोणता, फिरवलेला कोणता हे न सांगता दोन्ही ऐकवले. नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांचं उत्तर नाणेफेकीइतकंच बरोबर आलं. तरीही या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा सरस वाजतात, असं त्या दोघांनीच नोंदवलं आणि श्रेय ध्वनिमुद्रकांना दिलं. चोखंदळ श्रोत्यांसाठी काम करताना त्यांच्यावर सगळं सारख्याच मोठ्या आवाजात दडपून बसवायची सक्ती नव्हती.