सुईच्या नमुन्यावर मार्कर तपासणी : गाठीला सुई लावण्याआधी वाचा

स्तनातल्या गाठीची सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, झाली. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी निघाल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ईआर, पीआर, हर-टू’ लिहून दिलं. हे मार्कर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतल्या अशा खुणा, ज्यांवरून कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. ती चिठ्ठी घेऊन आलेले बहुतेक जण आमच्या लॅबच्या काउंटरवर एकच विचारतात : नमुना तुमच्याकडे आहेच, त्यावरच करा ना, पुन्हा टोचायचं कशाला?

कधी जमतं, कधी नाही. ते बरंचसं सुई बाहेर आल्यावर पहिल्या काही मिनिटांतच ठरून गेलेलं असतं.

सुईतून सुट्या पेशी येतात. त्या काचेवर पसरून, अल्कोहोलमध्ये बुडवून रंगवल्या की निदानापुरतं काम होतं. मार्करचे निकष मात्र फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलेल्या नमुन्यांवरून ठरलेले आहेत. अल्कोहोलमधल्या पेशींत ईआर असूनही फिका दिसू शकतो, आणि मग जिला टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा फायदा झाला असता तिलाच ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मिळतो. म्हणून आम्ही सेल ब्लॉक करतो. एकदोनदा जास्त सुई घेऊन तो नमुना थेट फॉर्मालिनमध्ये सोडायचा, पेशी तळाशी बसवून मेणाच्या वडीत घालायच्या आणि तिचे पातळ काप काढायचे. फॉर्मालिनमध्ये नमुना किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास हवा. घाई केली तरी बिघडतं आणि शनिवारचा नमुना बुधवारपर्यंत कपाटात राहिला तरीही.

तेव्हा सुई लावण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ‘मार्कर लागले तर सेल ब्लॉक होईल ना?’ बाहेर नमुना काढलात तर फॉर्मालिनची बाटली आमच्याकडून घेऊन जा आणि नमुना काढल्याची वेळ तिच्यावर लिहून आणा.

जुनी स्लाइड एकच असेल तर तिच्यावर मार्कर करायला आम्ही सहसा नकार देतो. त्यात मूळ रंग जातो, आणि उद्या मुंबईला टाटात गेलात तर तिथे तपासायला तीच स्लाइड मागतात.

रिपोर्टबद्दल थोडं. ईआर 1 टक्का किंवा जास्त पेशींत दिसला तर पॉझिटिव्ह. 1 ते 10 टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहितो. हर-टू 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ आला तर गोंधळू नका, त्याचा निकाल फिश नावाच्या पुढच्या तपासणीवर लागतो. ब्लॉकमध्ये पेशी मोजक्याच असतील तर तसं स्पष्ट लिहितो. अशा ‘निगेटिव्ह’वर उपचार ठरवू नयेत.

एक गोष्ट आमच्या धंद्याच्या विरुद्ध जाते, तरी सांगतो. स्तनातली गाठ पहिल्यांदाच सापडली असेल तर मार्करसाठी ट्रू-कट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढणं, बरी. कॅन्सर दुधाच्या नळीतच आहे की नळी फोडून बाहेर आला आहे, हे सुट्या पेशींवरून कळत नाही, आणि हर-टू वाचताना ते कळावं लागतं. सुईचा नमुना खरा कामाला येतो तो काखेतल्या गाठीत, किंवा आजार काही वर्षांनी यकृतात वा इतरत्र परत आला तर. तेव्हा मार्कर पहिल्यासारखेच असतील असं धरून चालू नका. ते बदललेले निघू शकतात.

येताना जुना एफएनएसी रिपोर्ट, असतील तेवढ्या स्लाइड आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ब्लॉक आमच्याकडे जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या हॉस्पिटलसाठी हवा असल्यास पावती दाखवून घेऊन जा.