एकच स्पीकर, दोन नावं: ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’

माझी मावशी गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. लॅपटॉपवर तानपुरा लावायचा, तो ब्लूटूथ स्पीकरवर सोडायचा आणि सातच्या ठोक्याला वर्ग सुरू. तिची तक्रार अशी, की तानपुरा एकटा चालू असतो तोवर खोलीभर घुमतो, पण मीटिंग सुरू केली की त्याच क्षणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजायला लागतो. दुकानदार म्हणाला, स्पीकर गेला, नवीन घ्या. स्पीकर ठणठणीत होता.

तिच्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर आवाजाची यादी उघडली, तर त्या एका स्पीकरच्या दोन नोंदी. एकीच्या शेपटीला ‘स्टिरिओ’, दुसरीच्या शेपटीला ‘हँड्स-फ्री एजी ऑडिओ’. मावशीला वाटत होतं, चुकून दोनदा जोडला गेला. तसं नाही. वस्तू एकच, पण तिच्यापर्यंत आवाज न्यायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत.

‘स्टिरिओ’ ही गाण्यांची वाट. तांत्रिक नाव ए-टू-डीपी. हिच्यात आवाज फक्त लॅपटॉपकडून स्पीकरकडे जातो, उलट काहीच येत नाही. सगळी जागा एकाच दिशेला मिळत असल्यामुळे नेहमीच्या एसबीसी कोडेकवरही (कोडेक म्हणजे आवाज आक्रसून पाठवायची पद्धत) सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते, डावा-उजवा असे दोन्ही चॅनल धरून.

‘हँड्स-फ्री’ ही फोनची वाट. गाडी चालवताना हात स्टिअरिंगवर ठेवून फोनवर बोलता यावं, यासाठी ती मुळात आखली गेली. नावातलं ‘एजी’ म्हणजे ऑडिओ गेटवे, म्हणजे फोनची भूमिका. इथे लॅपटॉप स्वतःला फोन समजतो आणि तुमच्या स्पीकरला गाडीतला किट. दोन्ही बाजूंनी बोलायचं, तेही विलंब न होता, म्हणून प्रत्येक दिशेला फक्त ६४ किलोबिट आणि एकच चॅनल. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचेच सूर पकडता येतात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. नव्या उपकरणांत १६,००० नमुने असतात. बोलणं त्यात बरंच स्वच्छ येतं, गाणं मात्र तरीही आखडलेलंच.

बोलायला एवढं पुरतं, तानपुऱ्याला नाही. तानपुऱ्याचा जीव जवारीत, म्हणजे मूळ स्वराच्या वर एकावर एक उमलत जाणाऱ्या बारीक सुरांत. नेमके तेच छाटले जातात. टेलिफोनी पट्टा, म्हणजे फोनवरून जाणाऱ्या सुरांची मर्यादा, खालूनही साधारण ३०० हर्ट्झपाशी संपतो, म्हणजे डग्ग्याचा घुमाराही गेला. उरतं ते मधलं, कोरडं ‘टण्ण’. दुकानदाराचा कान चुकला नव्हता, निदान चुकलं.

आता खरा प्रश्न: मावशीने काही न बदलता वाट बदलली कशी? माइकमुळे. बऱ्याचशा ब्लूटूथ स्पीकरमध्ये फोन घ्यायला छोटा माइक असतो, हे आपण विसरूनही गेलेलो असतो. मीटिंगचं ॲप सुरू होताच तो माइक मागतं, गाण्यांच्या वाटेवर माइकला जागाच नाही, म्हणून लॅपटॉप मुकाट्याने फोनच्या वाटेवर उतरतो. कधी याहून गमतीदार लक्षण दिसतं. गाणं ‘स्टिरिओ’वर लावलेलं, मीटिंगने ‘हँड्स-फ्री’ धरलेलं, आणि स्क्रीनवर गाणं पुढे सरकत असूनही आवाज गुल! मग लोक स्पीकर पुन्हा पुन्हा पेअर करत बसतात. पेअरिंगचा इथे काही संबंध नसतो.

उपाय दोन मिनिटांचा. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक, ‘साउंड्स’, मग ‘रेकॉर्डिंग’ टॅब. तिथे त्या स्पीकरच्या ‘हँड्स-फ्री’ माइकवर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडायचा, स्पीकर ‘स्टिरिओ’वाला. ॲप तरीही हट्टाने ‘हँड्स-फ्री’च धरत असेल, तर ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये तीही नोंद बंद करून टाका. मॅकवर तत्त्व तेच: ‘साउंड’मध्ये इनपुट म्हणून मॅकबुकचाच माइक ठेवायचा.

मावशीने माइक बदलला त्या संध्याकाळी वर्गातल्या पलीकडच्या मुलीने विचारलं, “ताई, नवीन माइक घेतलात का?” साहजिक आहे, तोवर ताईंचा आवाजही त्याच अरुंद वाटेने जात होता.

‘हँड्स-फ्री’ कायमचं पुसून टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. चार जण टेबलाभोवती बसून कामाचं बोलताय, लॅपटॉप दूर कोपऱ्यात आहे, तर टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या स्पीकरचा माइकच बरा. तिथे जवारी कोण ऐकतंय?

विंडोज ११ मध्ये या दोन नोंदींची एकच केली आहे. यादी नीट दिसते, पण आत वाटा दोनच, आणि कोणती चालू आहे हे आता नावावरून कळत नाही. आवाजाचा दर्जा पडला की इनपुटला कोणता माइक आहे ते आधी पाहा. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत चांगला आवाज आणि माइक एकत्र चालवायची सोय आहे, पण ती लॅपटॉप आणि स्पीकर दोघांतही असावी लागते. खोक्यावर नुसतं ‘ब्लूटूथ ५.२’ किंवा ‘५.३’ छापलेलं असेल, तर त्यावर विसंबू नका. ‘एलई ऑडिओ’ हे शब्द वेगळे लिहिलेत का ते बघा.