पेटीची किल्ली कोणाकडे? लोकसमूहाच्या सक्षमीकरणाची पार्श्वभूमी

लोकसमूहाचे सक्षमीकरण म्हटले की सभा, शिबिरे आणि ‘सहभाग’ डोळ्यांसमोर येतात. या विचाराचा उगम मात्र रोकड्या आर्थिक प्रश्नात आहे. माणसे राबतात, खर्च करतात, चार पैसे मागे टाकतात. त्यातून उभा राहणारा वाढावा, म्हणजे खर्च भागवून उरणारा नफा, कोणाच्या पदरात पडतो, आणि ते ठरवण्याचा हक्क कोणाचा? गेल्या पावणेदोनशे वर्षांत यावर अनेक प्रयोग झाले. जिथे पैसा, नियम आणि हिशेबाची वही सभासदांच्याच हातात राहिली तिथे ते तगले. यातली एक गोष्ट जरी बाहेरच्याकडे गेली, तरी नाव तेच राहून आतला मालक बदलला.

२१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे टोड लेनवरच्या एका वखारीच्या तळमजल्यावर दुकान उघडले. चालवणारे होते २८ सभासद, मुख्यतः विणकर आणि इतर कारागीर. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून त्यांनी २८ पौंड जमवले होते. माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. पण त्यांनी केलेले नियम या मालापेक्षा फार मोठे होते. माल निर्भेळ आणि वजन पुरे. एका माणसाला एकच मत, मग त्याचे भाग (शेअर) कितीही असोत; स्त्रियांनाही सभासदत्व खुले. आणि उधारी अजिबात नाही. हा शेवटचा नियम कठोर वाटतो, पण त्यामागे कटू अनुभव होता: आधीची कितीतरी सहकारी दुकाने उधारीतच बुडाली होती. गिरणीत काम थांबले की गिऱ्हाईक उधार नेई आणि दुकानाचे भांडवल त्याच्या घरी जाऊन बसे.

वाढाव्याची वाटणी कशी होई हे नीट पाहायला हवे. दर तिमाहीला हिशेब होई. भागभांडवलावर ठरलेल्या मर्यादेपर्यंतच व्याज. उरलेला नफा सभासदांनी केलेल्या खरेदीच्या प्रमाणात परत. म्हणजे भाग जास्त घेणाऱ्याला नव्हे, दुकान चालते ठेवणाऱ्याला फायदा. ज्याच्याकडे भाग घ्यायला पैसे नसत, त्याचा हाच परतावा साठत साठत त्याचे भांडवल होई. १८५४ पासून वाढाव्यातले अडीच टक्के वाचनालय आणि शिक्षणासाठी राखले जाऊ लागले. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याचे मत कामाचे नाही, हे या मंडळींना पक्के कळले होते.

त्याच वर्षी त्यांनी कापडाची गिरणी काढली आणि तिथे घसरले. कामगारांना नफ्यात वाटा द्यायचा ठरला होता, पण भांडवलासाठी भाग बाहेरच्यांनाही विकले गेले. गिरणी चालली, लाभाच्या आशेने नवे भागधारक आले, त्यांची संख्या कामगारांपेक्षा वाढली आणि १८६२ मध्ये त्यांनी मतदान करून कामगारांचा वाटाच रद्द केला. कुणी लबाडी केली नव्हती; दारच तसे ठेवले होते. या चुकीवरचा सर्वांत ठोस तोडगा स्पेनमधल्या मोंड्रागोनमध्ये दिसतो. १९५६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या सहकारी कारखान्यांत मालकी काम करणाऱ्यांची, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेतनातले अंतर सुरुवातीला एकास तीन इतकेच. नफ्यातला वाटा सभासदाच्या भांडवली खात्यात जमा होतो आणि काम सोडताना मिळतो. याला धोक्याची दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये समूहातली घरगुती उपकरणे बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा कामाबरोबर अनेकांची पुंजीही अडकली.

कर्जाच्या बाबतीत असाच धडा जर्मनीत मिळाला. १८४६-४७ च्या दुष्काळात फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन या गावप्रमुखाने धनिकांच्या मदतीने भुकेल्यांसाठी पाव पुरवला; पुढे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या संस्थाही काढल्या. त्यांचा पाया मात्र सुखवस्तू लोकांच्या सदिच्छेवर होता. सदिच्छा ओसरली की काम मंदावे. म्हणून १८६४ मध्ये हेडेसडोर्फ इथे त्याने चौकटच उलटी केली: कर्ज घेणारा तोच सभासद, आणि संस्थेच्या देण्याला सगळे सभासद आपल्या मालमत्तेनिशी अमर्याद जबाबदार. ऐकताना धडकी भरते, पण यंत्रणा अचूक होती. आपले घर तारण असल्यावर शेजाऱ्याने कर्ज बैलासाठी घेतले की दारूसाठी, यावर नजर राहतेच. ही नजर पोचावी म्हणून कार्यक्षेत्र लहान ठेवले जाई. पदाधिकारी बिनपगारी आणि नफा न वाटता येणाऱ्या राखीव निधीत.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे हाच नमुना होता; फरक इतकाच की तिथे निबंधक, म्हणजे संस्थांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी, आधी आला आणि सभासद नंतर. विसाव्या शतकाच्या मध्यावर देशोदेशी सरकारी ‘समुदाय विकास’ योजना आल्या, त्यांतही बहुधा तेच झाले: आराखडा वरून, अंदाजपत्रक वरून आणि गावाकडून श्रमदान. १९६९ मध्ये अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे आणि सल्ला घेणे त्यांनी मधल्या, दिखाऊ पायऱ्यांवर ठेवले. निर्णयाचा अधिकार खरोखर लोकांकडे जातो तो वरच्या तीन पायऱ्यांवर. आजही कोणतीही योजना या शिडीला लावून पाहावी, उत्तर लगेच मिळते. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून महापालिकेच्या गुंतवणुकीचा प्राधान्यक्रम वस्तीसभांकडे सोपवला. कोणत्या भागात सोयींची उणीव किती आणि लोकवस्ती किती, यांना गुण देऊन पैसा वाटला जाई. पुढे सत्ता बदलली आणि ती पद्धत क्षीण होत गेली.

अधिकार लोकांकडे दिला तर ते कुरण, जंगल, पाणी ओरबाडून संपवतील, ही भीती १९६८ मध्ये अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी प्रभावीपणे मांडली होती. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी १९९० मध्ये तिला प्रत्यक्ष गावांचे दाखले देऊन उत्तर दिले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या दाखल्यांत स्वित्झर्लंडमधले ट्योर्बेल हे गाव आहे. १५१७ चा तिथला नियम असा: हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसता येतात, त्याहून अधिक गाई कोणी सामाईक कुरणावर पाठवू नयेत. गाई कुरणावर गेल्या की लगेच मोजणी होई. दंड वसूल करणाऱ्या गावकऱ्याला दंडाची अर्धी रक्कम मिळे, त्यामुळे डोळेझाक करण्यात त्याचेच नुकसान. टिकाऊ विकास म्हणतात तो असा मोजता येणाऱ्या नियमांतून उभा राहतो.

या सगळ्याचे सर्वांत आटोपशीर रूप म्हणजे १९९१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडी भागात ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने बसवलेली ग्रामीण बचत-कर्ज गटाची पद्धत. साधारण १५ ते २५ जणी, एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलुपे. किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच भाग घ्यायचे. जितके भाग तितके शिक्के पासबुकात, म्हणजे अक्षरओळख नसली तरी मोजता येते. कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत, मुदत सहसा तीन महिन्यांपर्यंत, व्याजदर गटानेच ठरवलेला. आजारपण, मर्तिकासाठी वेगळा निधी. वर्ष भरले की सगळी कर्जे वसूल करून पेटी रिकामी करायची. समजा, भागाची किंमत १० होती, वर्षभरात २,००० भाग घेतले गेले आणि पेटीत २५,००० जमले. मग प्रत्येक भागाचे मोल साडेबारा, आणि १२० भागवालीला १,५०० मिळतात. दर वर्षीची ही वाटणी म्हणजेच लेखापरीक्षण. घोटाळा असेल तर तो दुसऱ्या वर्षात शिरू शकत नाही.

याच्या उलट टोकाला २०१० चे आंध्र प्रदेशातले सूक्ष्मवित्ताचे, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांचे, संकट आहे. तिथेही गट होते, पण कर्जाचा पैसा बाहेरच्या कंपन्यांचा. एकाच घरावर तीन-चार कर्जे, दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव. शेवटी राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. रायफायझेनच्या संस्थेत शेजाऱ्याची नजर सभासदांच्या संस्थेला राखत होती. इथे तीच नजर सावकाराच्या वसुलीला जुंपली गेली.

बचत गटही बिघडतात, आणि बहुधा ठरावीक जागी. दोन किल्ल्या एकाच कुटुंबात जातात. उत्साही कार्यकर्ता पहिल्याच वर्षी पेटीत अनुदान ओततो. मग परतफेड ढिली पडते, कारण तो पैसा कोणाच्याच घामाचा नसतो. वाटणीच्या तोंडावर मोठे कर्ज दिले जाते आणि हिशेब अडतो. सगळ्यांत जास्त घात होतो तो वही एकटीच्याच डोक्यात राहिली की. म्हणून नीट चालणाऱ्या गटात बैठक संपताना पेटीतली शिल्लक मोठ्याने सांगतात आणि सगळ्या जणी ती पाठ करतात. पुढच्या बैठकीत कुलुपे निघाली तरी आधी आकडा तोंडाने सांगायचा, मग पैसे मोजायचे. दोन्ही जुळल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही.